डोळ्याचा हिशोब उचलीत वळता होत नाही

ताई, नमस्कार. मी सांगते आहे आणि पुतणी लिहून देते आहे. आम्ही बीड जिल्ह्यातले, गेवराई तालुक्यातले. नवरा-बायको जोडीनं जालन्याकडच्या एका खदानीवर दगड फोडतो. सकाळ-संध्याकाळ सुरुंग उडतो, मोठे डबर आम्ही घणानं फोडतो. पैसे ब्रासवर, म्हणजे फोडलेल्या दगडाच्या मापावर, दोघांचे मिळून महिन्याला अठ्ठावीस हजार पडतात. सासूच्या ऑपरेशनचं देणं फेडायला मुकादमाकडून साठ हजार उचल घेतली होती. 2025 चा दसरा झाला आणि आठ दिवसांत घण घालताना कपची उडून ह्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. ह्यांचं वय चाळीस. शेठनं स्वतःच्या जीपमधून एका खासगी दवाखान्यात नेलं, तिथं थेंब टाकून पट्टी बांधली. तीन दिवसांनी डोळ्यात पू झाला, मग मोठ्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. नजर आली नाही, येणारही नाही म्हणाले. औषधपाण्याला शेठनं बावीस हजार दिले, खोटं कशाला बोलू.

आता मुकादम पाचशेचा स्टॅम्प घेऊन घरी येतो. त्यात लिहिलंय की घरी लाकूड फोडताना लागलं, उचल माफ, वर पंचवीस हजार रोख, पुढं कसलाही दावा करणार नाही. खासगी दवाखान्याच्या कागदावर पण लाकूड फोडतानाच लिहिलंय. शेठ म्हणतो चष्मा दिला होता, घातला नाही तर माझा काय दोष. चष्मा सगळ्या खदानीत एकच होता, तो पोकलेनवाल्याकडं असायचा. सही नाही केली तर उचल फेडा, नाहीतर पोराला कामावर पाठवा म्हणतात. पोरगा पंधराचा, नववीला आहे. दीर म्हणतो सही करून मोकळं व्हा, नाहीतर पुढच्या साली कुणी दारात उभं करणार नाही. ह्यांच्या चांगल्या डोळ्यातूनही हल्ली पाणी येतं, उजेड सोसत नाही. काळजीनं होत असेल. सही करू का?

– एक भगिनी

ताई, सहीचं दोन दिवस थांबलं तरी चालेल. डाव्या डोळ्याचं थांबणार नाही. हे काळजीनं होत असेल असं समजून घरी बसू नका.

एका डोळ्याला आरपार जखम झाली की काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, दुसऱ्या धडधाकट डोळ्याला आतून सूज येऊ शकते. शरीराची प्रतिकारशक्ती जखमी डोळ्यावर चवताळते आणि चांगल्या डोळ्यालाही शत्रू समजते. असं क्वचितच होतं. पण झालं आणि औषध वेळेवर मिळालं नाही, तर दुसरीही नजर जाते. वेळेवर पोचलं तर बहुतेकदा औषधांनी ती वाचवता येते. पाणी येणं, लाली, उजेड न सोसणं, धूसर दिसणं, सुरुवात अशीच होते. तुमच्या ह्यांना कदाचित साधा संसर्ग असेल, मलाही तसंच वाटायला आवडेल, पण तपासल्याशिवाय ते कुणालाच सांगता येणार नाही.

उद्या सकाळची पहिली एसटी धरा. जिथं ऑपरेशन झालं तिथंच गेलात तर बरं, कारण जुने कागद तिथं आहेत. ते लांब पडत असेल तर बीडचं जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी, जे जवळ पडेल तिथल्या डोळ्यांच्या विभागात जा. नुसतं 'डोळ्यातून पाणी येतंय' असं म्हणालात तर थेंब देऊन परत पाठवतील. म्हणून असं सांगा: 'उजव्या डोळ्याला आरपार जखम झाली होती, ऑपरेशन झालंय, आता डाव्याला उजेड सोसत नाही.' आणखी एक सांगायचं. घण लोखंडी होता. खदानीत डोळ्यात गेलेली कपची दरवेळी दगडाचीच असते असं नाही. घणाचं तोंड ठोकून ठोकून फुलतं, त्याच्या कडा सुटतात आणि लोखंडाची बारीक चिलपी गोळीसारखी उडते. लोखंड आत राहिलं तर ते गंजून डोळा आणखी नासवतं. फोटोत ते दिसलं होतं का, काढलं होतं का, हे डॉक्टरांना विचारा आणि कागदावर लिहून घ्या.

आता कागदांचं. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकली ती 'लाकूड फोडताना' ही ओळ. असल्या अपघातांत हे नेहमी दिसतं. माणूस वेदनेनं कण्हत असतो, बायको घाबरलेली असते, सोबत आलेला मुकादमच डॉक्टरांना हकिकत सांगतो आणि तीच केसपेपरवर चढते. कशानं लागलं ती ओळ उपचारासाठी असते, पण पुढं सगळा दावा तिच्यावरच अडवायला बघतात.

म्हणून सरकारी दवाखान्यातला इंग्रजी कागद आधी कुणाकडून तरी वाचून घ्या. पुतणी शिकलेली दिसते, तिलाच वाचायला सांगा. तिथं 'खदानीत दगड फोडताना' असं असेल तर अर्धं काम झालं. तिथं ही जखम पोलिसांकडं कळवायची केस म्हणून, म्हणजे एमएलसी म्हणून नोंदली होती का, ते विचारा आणि नोंदीची प्रत मागा. नोंद नसेल तर ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत खदान आहे तिथं साध्या कागदावर अर्ज द्या: तारीख, वेळ, कुठं, काय करताना, कोण जवळ होतं, कुणाच्या जीपमधून नेलं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. निष्काळजीपणानं गंभीर दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 125 खाली गुन्हा होतो. तो नोंदवायचा की नाही हे वकिलाशी बोलून ठरवा. अर्ज मात्र आत्ताच द्या. खासगी दवाखान्यातली ओळ चुकीची आहे, आम्ही असं सांगितलं नव्हतं, हेही त्यातच लिहा.

आणखी पुरावा तुमच्याकडं आहे, फक्त तुम्ही त्याला पुरावा समजत नाही. शेठनं दवाखान्यात फोन पे केलं असेल, त्याची नोंद राहते. मुकादमाच्या डायरीत ब्रासचा हिशोब असतो, त्या पानाचा फोटो कुणाकडं तरी असेलच. अपघाताच्या दिवशी तुमच्या मोबाइलवरून कुणाला फोन गेले ते निघतं. शिवाय घरी लाकूड फोडणाऱ्या माणसाला खदानवाला स्वतःच्या जीपमधून दवाखान्यात नेतो आणि बावीस हजार भरतो, हे कोणत्या न्यायाधीशाला पटेल?

आता सहीचं. करू नका. ह्यांनाही करू देऊ नका, कारण त्या कागदावर खरी सही त्यांचीच हवी आहे.

तुमचा अपघात ऑक्टोबर 2025 चा. नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाल्या, म्हणजे तुमचं प्रकरण जुन्या, 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली येतं. या कायद्याच्या कलम 17 नुसार नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा करार, मग तो पाचशेच्या स्टॅम्पवर असो की पाच हजाराच्या, रद्दबातल धरला जातो. मग सही केली तर बिघडलं कुठं, असं दीर विचारतील. बिघडतं असं की त्याच कागदात 'घरी लाकूड फोडताना' हे तुमच्या तोंडून वदवून घेतलंय. हक्क सोडल्याची ओळ टिकणार नाही, पण अपघात कामावर झालाच नाही ही कबुली पुढं तुमच्या गळ्यात येईल. (आणि ज्यांनी असल्या कागदावर आधीच अंगठा उठवला आहे त्या वाचकांनी हताश होऊ नये. रकमेची तडजोड नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांपुढं नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी किंवा सही दबावाखालची वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. नोंदलेलाच नसेल तर मालकाची पूर्ण रकमेची जबाबदारी सुटत नाही.)

आता रक्कम किती ते बघू, म्हणजे पंचवीस हजार म्हणजे नेमकं काय ते कळेल. दोघांच्या मजुरीचे अठ्ठावीस हजार, त्यात ह्यांचा वाटा निम्मा धरला तर महिना 14,000. कायद्यात पगाराची मर्यादा 15,000 ची आहे, तुम्ही तिच्या आत बसता. त्याचे साठ टक्के म्हणजे 8,400. चाळीस वर्षांच्या माणसासाठी कायद्याच्या तक्त्यात गुणक आहे 184.17. गुणाकार केला की 15,47,028 रुपये येतात. ही कायमचं पूर्ण अपंगत्व आलेल्याची भरपाई. एका डोळ्याची नजर गेली, दुसरा चांगला आहे आणि बुबुळ जागेवर आहे, तर तक्त्यात 30 टक्के धरतात, म्हणजे साधारण 4 लाख 64 हजार. डोळाच काढावा लागला असेल तर 40 टक्के, म्हणजे साधारण 6 लाख 18 हजार. डावा डोळाही अधू झाला तर हिशोब आणखी वर जातो, पण तशी वेळ न येवो.

तक्त्यातले टक्के ही खालची मर्यादा समजा. माणूस जे काम करत होता ते आता करूच शकत नाही, हे सिद्ध झालं तर कोर्ट जास्त धरू शकतं. 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढं एका सुताराचं प्रकरण आलं होतं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाई शंभर टक्के गेली असंच धरलं गेलं. एका डोळ्यानं घणाचा नेम आणि अंतर यांचा अंदाज येत नाही, हे दगड फोडणाऱ्याला सांगायला नको, पण कोर्टाला डॉक्टरांच्या तोंडून सांगावं लागतं. वकिलाला हा मुद्दा आवर्जून सांगा.

शेठनं औषधाला दिलेले बावीस हजार यातून वजा होत नाहीत. उपचाराचा खर्च मालकानं वेगळा द्यायचा असतो, आणि तुम्ही पदरचं काही घातलं असेल तर तेही मागता येतं. पावत्या नसतील तर दवाखान्यातून दुसरी प्रत मिळते. शिवाय अपघातापासून महिन्याच्या आत भरपाई द्यायला हवी होती. दिली नाही म्हणून त्यावर वर्षाला 12 टक्के साधं व्याज लागतं, आणि उशिराला काही सबळ कारण नव्हतं असं ठरलं तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. शेठची घाई कशासाठी आहे ते यावरून लक्षात येईल.

आता उचल. साठ हजार घेतले आहेत हे तुम्हीच सांगता, ते नाकारू नका. पण नुकसानभरपाई कायद्याचं कलम 9 सांगतं की नुकसानभरपाईवर कुणाचीही जप्ती येत नाही, ती कुणाच्या नावावर करता येत नाही आणि तिच्यातून कुणाचं येणं वळतं करता येत नाही. उचल एका वहीत, डोळा दुसऱ्या वहीत. तुम्हाला वाटतं शेठ साठ अधिक पंचवीस, म्हणजे पंच्याऐंशी हजार देतोय. तो देतोय पंचवीसच. साठ हजार तुम्ही घेतलेले तुम्हालाच परत दाखवतोय, आणि त्या बदल्यात साडेचार लाखांवरचं देणं पुसून घेतोय. अडला हरी म्हणून पाय धरावे लागतात हे मला ठाऊक आहे, पण इथं हरी तुम्ही नाही, तो आहे. काम सोडून स्टॅम्प घेऊन तुमच्या दारात खेटे त्याचाच माणूस घालतोय.

पोराचं तर बोलणंच नको. खाणींच्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांना खाणीत मजुरीला लावता येत नाही, आणि बालकामगार कायद्यातही चौदा ते अठरा वयाच्या मुलांना खाण आणि स्फोटकांच्या कामाला पूर्ण बंदी आहे. आगाऊ पैशांच्या बदल्यात माणूस कामाला बांधून ठेवणं हा 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली गुन्हा आहे, मग तो माणूस पोरगा असो की बाप. तक्रार उपविभागीय अधिकारी (एसडीएम) किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडं करायची. मुकादम पुन्हा 'पोरगा पाठवा' म्हणाला तर त्याला एवढंच सांगा की हे बोलणं मी एसडीएम साहेबांना लिहून देते. बहुतेक त्या दिवसापासून तो पोराचं नाव काढणार नाही. पोराला काही कळू देऊ नका, त्याची नववी चालू दे.

चष्म्याच्या बाबतीत मात्र तुम्हाला गोड बोलून चालणार नाही. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व नसलेल्या दुखापतीत मालकाला एक बचाव आहे: कामगारानं सुरक्षिततेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा दिलेलं साधन जाणूनबुजून काढून टाकलं, म्हणून लागलं. तुमचं प्रकरण या गटात येतं, म्हणून शेठ हाच सूर लावेल. पण हे त्यानं सिद्ध करायचं आहे. 'जाणूनबुजून' म्हणजे नुसतं विसरणं किंवा घाई नव्हे. अख्ख्या खदानीला एक चष्मा आणि तोही पोकलेनवाल्याकडं, ही परिस्थिती तुम्ही जशी आहे तशी सांगितली तर त्याचा बचाव तिथंच ढासळतो. म्हणून त्यात काडीचंही वाढवू नका. 'चष्मा पाहिलाच नव्हता' असं सांगायचा मोह होईल, कुणी तसा सल्लाही देईल. ते उलटतपासणीत उघडं पडलं की खरं बोललेलंही खोटं ठरतं.

चष्मा पुरवायची जबाबदारी कुणाची, हे इथं सगळ्यांसाठीच सांगते. खदान सहा मीटरपेक्षा खोल नसेल, पन्नासपेक्षा जास्त माणसं नसतील आणि स्फोटकं वापरत नसतील, तरच तिला 1952 च्या खाण कायद्यातल्या (तुमच्या अपघाताच्या वेळी तोच लागू होता) बऱ्याच तरतुदींतून सूट मिळायची. या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागायच्या. तुमच्याकडं दोन वेळा सुरुंग उडतो, म्हणजे खदान उथळ असली तरी सूट नाही. मग तिथं सुरुंग उडवणारा पात्र माणूस (ब्लास्टर) हवा, सुरुंगाआधी इशारा आणि माणसं लांब काढणं हवं, दगडाच्या कड्याला खालून पोखरायचं नाही, डोळ्याचं आणि डोक्याचं संरक्षण मालकानं फुकट द्यायचं. डोळा जाणं ही त्या कायद्यानुसार गंभीर शारीरिक दुखापत आहे आणि ती खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवणं मालकाला बंधनकारक होतं. त्यांचं मुख्यालय धनबादला, आपल्याकडचा पश्चिम विभाग नागपूरला. या अपघाताची सूचना आली होती का, हे माहिती अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाहीत. आली नसेल तर तेच उत्तर तुमच्या दाव्याला जोडा.

दुसरा माहिती अर्ज जालन्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत: त्या गटात खदानीचा पट्टा, म्हणजे दगड काढायचा सरकारी भाडेपट्टा, कुणाच्या नावावर आहे? तुम्ही ज्याला शेठ म्हणता तो पट्टाधारक असेलच असं नाही. पट्टा एकाचा, क्रशर दुसऱ्याचा, माणसं मुकादमाची, अशी साखळी असते आणि कोर्टात प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 12 मुळं ठेकेदारानं आणलेल्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते, म्हणून दाव्यात तिघांनाही प्रतिवादी करा. पट्टाच नाही, खदान बेकायदा आहे असं निघालं, तरी मजुराचा हक्क जात नाही.

दाव्याला दोन वर्षांची मुदत असते, तुम्ही तिच्या आत आहात. जालन्याला चकरा मारायची गरज नाही. तुम्ही राहता त्या भागातल्या आयुक्तांपुढं, म्हणजे बीड जिल्ह्यात, दावा टाकता येतो. जिथं कामगार न्यायालय आहे तिथं ते, नसेल तिथं वरिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायाधीश हे काम बघतात. वकिलाची फी नको असेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या कोर्टात प्राधिकरण. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना आणि कामगारांना तिथं मोफत वकील मिळतो. 15100 या नंबरवर फोन केला तरी सांगतात. तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, त्याची तयारी ठेवा. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे: निकाल मालकाच्या विरोधात गेला आणि त्याला अपील करायचं असेल, तर आधी रक्कम जमा करावी लागते.

'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' हे दिरांनी म्हटलंच असेल. खदानवाल्यांना ही म्हण फार आवडते.

तोवर घर चालवायला दोन गोष्टी बघा. ह्यांच्या बँकेच्या पासबुकात दरवर्षी मे-जूनच्या सुमाराला वीस रुपये कापलेले दिसतात का? ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघातात एका डोळ्याची नजर कायमची गेली तर तिच्यातून एक लाख मिळतात. बऱ्याच घरांत हे वीस रुपये कापले जातात आणि विमा आहे हे कुणाला माहीतच नसतं. पासबुक, डॉक्टरांचा दाखला आणि पोलिसांच्या नोंदीची प्रत घेऊन बँकेत जा, मुदत गेली म्हणून स्वतःहून घरी बसू नका. दुसरं, अपंगत्वाचा सरकारी दाखला काढायला जाल तेव्हा तिथं एका डोळ्याचे 30 टक्के लिहितील. बऱ्याच योजनांना 40 लागतात, त्यामुळं बस-पेन्शनची फार आशा धरू नका. त्या दाखल्यावर एजंटाला पैसे मोजू नका.

आणि तुम्ही. सगळ्या पत्रात तुम्ही स्वतःला 'जोडी'तच धरलंय. तुम्हीही त्याच खदानीवरच्या मजूर आहात, ब्रासमध्ये निम्मं तुमचं आहे. मुकादमाच्या वहीत जोडीला एकच नाव, नवऱ्याचं. उद्या तुम्हाला लागलं तर 'ही कामावर नव्हतीच, भाकरी घेऊन आली होती' म्हणतील. जिथं कुठं पुन्हा काम धराल तिथं स्वतःचं नाव वेगळं लिहून घ्या, आणि मजुरी शक्य तर आपापल्या खात्यावर.

याच आठवड्यात बिलोलीकडच्या एका वाचकानं खदानीवरच्या खोकल्याबद्दल विचारलंय, त्यांचं इथंच थोडक्यात. आपल्या मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट आहे, त्यात मोकळी सिलिका कमी असते. पण नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडं ग्रॅनाइट आहे आणि त्याच्या धुळीत सिलिका बरीच असते. ती फुफ्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि टीबी समजून वर्षानुवर्षं गोळ्या चालतात. टीबीच्या औषधानं फरक पडत नसेल तर डॉक्टरांना 'मी ग्रॅनाइटच्या खदानीवर काम करतो' हे सांगून छातीचा फोटो पुन्हा बघायला लावा. हा आजारही नुकसानभरपाईच्या यादीत आहे. तोंडाला रुमाल बांधून ही बारीक धूळ अडत नाही, ड्रिल मारताना पाणी सोडावं लागतं.

आता दिरांच्या धाकाचं. पुढच्या साली काम मिळणार नाही, ही भीती खोटी नाही. तो शेठ बहुधा देणार नाही, त्याच्या ओळखीचे एक-दोनही देणार नाहीत. पण सही करूनही ह्यांना घणावर कोण उभं करणार आहे? एका डोळ्याच्या माणसाला जोडीत घ्यायला मुकादम तयार नसतो, हे दिरांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. दगड फोडून खाणारी आपली माणसं वर्षानुवर्षं एकाच मुकादमाला धरून राहतात, दिवाळी-आजारपणाला तोच उचल देतो, त्यामुळं त्याच्या विरोधात जाणं म्हणजे घरातल्याच्या विरोधात जाण्यासारखं वाटतं. दिरांचं म्हणणं त्यातूनच येतं, तुमच्या वाईटासाठी नाही. त्यांना वकिलाकडं सोबत न्या. आकडा त्यांनी वकिलाच्या तोंडून ऐकू दे, तुम्ही सांगून पटणार नाही. अपघाताच्या वेळी तेही खदानीवर होते का, हे तुम्ही लिहिलं नाही. असतील तर ते तुमचे पहिले साक्षीदार आहेत.

मुकादम पुन्हा आला तर भांडू नका. स्टॅम्पचा मोबाइलवर फोटो काढून घ्या, दोन्ही बाजूंचा, आणि 'वकिलाला दाखवून सांगते' म्हणा. कागद घरात ठेवून घ्यायला तो तयार होणार नाही, म्हणून फोटो आधी.